आईला बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी दाखवायचंय... गुडघे दुखतात, कसं जमवावं?

निळी_शाई:
जय भीम, नमस्कार मंडळी. आईला कधीपासूनची बुद्धांची ठिकाणं बघायची आहेत. दीक्षाभूमी झाली, चैत्यभूमी तर दर डिसेंबरला ठरलेलीच, अजिंठा झालं, पण बोधगया काही होत नाहीये, दरवर्षी काही ना काही निघतंच, कधी कुणाचं लग्न तर कधी मला रजा नाही. यावेळी म्हटलं आता जायचंच. आम्ही मिरजेचे. मी, आई आणि मावशी अशा तिघीच. आई सत्तर पूर्ण, बीपीची गोळी चालू आहे, जिना चढताना कठडा धरावा लागतो, पण सपाटीवर माझ्यापेक्षा जास्त चालते. मावशी बासष्टची, तिला काही त्रास नाही, फक्त बस लागते.

आता प्रश्न. दिवाळीच्या सुट्टीत जमेल का, कारण तेव्हाच मला सलग रजा मिळते. टूरवाल्यांबरोबर जावं की आपापलं? चारच ठिकाणं करावी की श्रावस्ती, राजगीर, वैशाली, संकिसा धरून आठही? नेपाळला पासपोर्ट लागतो का, कारण आईकडे नाहीये आणि काढायचा म्हटलं तर जन्मदाखल्यापासून तयारी. आणि आईचा स्वतःचा एक प्रश्न आहे, तो तसाच लिहिते, "तिथं आपल्याला आपली वंदना म्हणू देतात का, का नुसतं बघून बाहेर काढतात?"

रेल्वेवेडा:
ताई, दिवाळीचं आधी डोक्यातून काढा. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ, आणि छठला बिहार-यूपीची माणसं मुंबई-पुण्याहून, गुजरातमधून, कुठून कुठून घरी जातात. त्या दिवसांत त्या बाजूच्या गाड्यांमध्ये रिझर्व्हेशनच्या डब्यातसुद्धा बाथरूमपर्यंत जाता येत नाही, सत्तरीच्या बाईला घेऊन तर बिलकूल नको. त्याच्या आधी पितृपक्षात जाऊ म्हणाल तर तेव्हा गयेत पिंडदानाचा मेळा असतो, सगळ्या देशातून लोक येतात आणि हॉटेलं फुल्ल. डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी म्हणजे धुकं, गाडी किती तास लेट होईल ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं. एप्रिलनंतर ऊन. मग राहिलं काय, तर छठ आटोपल्यापासून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, नाहीतर फेब्रुवारी ते मार्चचा पहिला आठवडा. मला विचाराल तर फेब्रुवारी. रजेसाठी साहेबांशी भांडा थोडं.

गाडीचं म्हणाल तर तुम्ही मिरजेचे म्हणजे नशीबवान. कोल्हापूर-धनबाद दीक्षाभूमी एक्स्प्रेस आहे, मिरजेवरून जाते आणि गयेला थांबते, मध्ये कुठे बदलायची भानगड नाही. आठवड्यातून एकदाच असते म्हणून तारीख तिच्यावर बेतावी लागते, आणि प्रवास लांबलचक आहे, तेव्हा दोघींना लोअर बर्थ हवाच. सीनियर सिटिझनचा लोअर बर्थ कोटा तिकीट काढतानाच टाका, आणि तिघींचं एकत्र काढण्यापेक्षा आई-मावशीचं वेगळं काढा, कोटा लागायची शक्यता वाढते. येताना गोरखपूरहून कुशीनगर एक्स्प्रेस मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसपर्यंत आणि तिथून पुढे तुमची नेहमीची गाडी.

क्रम असा लावा. गयेला उतरा, बोधगया, जमलं तर राजगीर-नालंदा, परत गया, तिथून रेल्वेने वाराणसी म्हणजे सारनाथ, मग गोरखपूर, तिथून गाडी करून कुशीनगर आणि लुंबिनी, परत गोरखपूर. जन्मस्थान लुंबिनी शेवटून दुसऱ्या टप्प्यात येतं, चालायचंच, रेल्वेला जीवनचरित्राचा क्रम कळत नाही.

पिंपळपान_विदर्भ:
ताई मी आईला आणि सासूबाईंना घेऊन बसच्या सहलीने जाऊन आलेय म्हणून सांगते, नाव घेत नाही कुणाचं. आचारी सोबत होता, पिठलं-भाकरी, सकाळी पोहे, जेवणाचे अजिबात हाल नाहीत, सोबतीला आपलीच माणसं, रात्री बसमध्ये भीमगीतं, दोघी म्हाताऱ्या एकदम खुश. पण ठिकाणी पोचलो की लगेच शिट्टी! श्रावस्तीला जेतवनात गंधकुटीपाशी (बुद्धांची राहायची जागा) आई जरा टेकली होती तेवढ्यात चला चला सुरू, आणि बोधगयेला संध्याकाळी अंधार पडल्यावर पोचलो, सकाळी आठला बस सुटली. हजारो किलोमीटर बसमध्ये बसून पाय सुजवून घ्यायचे आणि ज्याच्यासाठी गेलो तिथे तास-दीड तास. मला तरी ते पटलं नाही. तुमच्या मावशीला बस लागते म्हणताय तर विषयच संपला.

आपापलं जा आणि सगळ्यात जास्त रात्री बोधगयेला ठेवा. तीन तरी. मंदिराच्या चालत अंतरावर खोली घ्या, दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील, कारण मग आईला पहाटे एकदा आणि संध्याकाळी एकदा असं निवांत जाता येतं, दुपारी खोलीवर पाय पसरून पडायचं.

आता मंदिराचं सांगते. महाबोधी महाविहार पहाटे पाचला उघडतं. मोबाईल आत नेता येत नाही, बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो (२०१३ ला तिथे स्फोट झाले होते, बंदोबस्त कडक असतो, दोन-दोनदा तपासणी), कॅमेरा न्यायचा तर वेगळी पावती फाडावी लागते. मोबाईल नाही हे मला सुरुवातीला जड गेलं, आईला आत चुकामूक झाली तर काय म्हणून. तेव्हा आधीच ठरवून ठेवा की चुकलोच तर अमुक जागी भेटायचं. दुसरं, मंदिर आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोलात आहे, मुख्य बाजूने पायऱ्या उतरून जायचं आणि येताना चढायच्या. फार नाहीत, पण गुडघेवाल्याला सावकाशच. तिसरं, चपला बाहेर. पहाटे फरशी अशी गार असते की पाय बधिर होतात आणि दुपारी तीच भाजते. जाड मोजे घेऊन जा, मोज्यांवर आत फिरता येतं, आम्ही दोघींना लोकरीचे घातले होते.

आणि आईंना सांगा की वंदनेला कुणी अडवत नाही. बोधिवृक्षाखाली एका बाजूला थायलंडचे लोक, पलीकडे श्रीलंकेचे पांढऱ्या कपड्यातले, मागे तिबेटी लोक लाकडी फळ्यांवर साष्टांग दंडवत घालतायत, शेकडो, सकाळपासून. प्रत्येकाची चाल वेगळी. आईला वाटत होतं आपल्याला काही कळणार नाही, आणि मग शेजारच्या श्रीलंकेच्या ग्रुपने "बुद्धं सरणं गच्छामि" सुरू केलं, सूर आपल्याहून एकदम निराळा, हेलकावे घेत जाणारा, पण शब्द तेच ना! आईने तिच्या चालीत सुरू केलं, ती आपली बुद्धविहारातली सरळसोट चाल, आणि त्यातली एक आजी सरकून आईला जागा देऊन मोकळी. पंचशील दोघींनी मिळून संपवलं. भाषा एकीची एकीला येत नाही.

बोधिवृक्षाचं पान पडलं की लोक धावतात, तुम्हीही धावाल. बाहेर प्लास्टिकमध्ये घालून विकतात ती घेऊ नका, कुठल्या पिंपळाची आहेत कोण जाणे.

धम्मकाका:
जय भीम. दोन गोष्टी जोडतो.

पहिली. गया स्टेशनवर उतरलात की पंडे आणि त्यांचे एजंट घेरतील, "माताजी पिंडदान?" करून. महाराष्ट्रातून आलेले म्हटलं की जास्तच. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमधली सहावी आईंना पाठ असणारच, श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. तेवढीच म्हणून दाखवा आणि पुढे चला. ऑटोवाल्याला आधीच "बोधगया, महाबोधी मंदिर" म्हणून सांगा, नुसतं "मंदिर" म्हणालात तर तो गयेतल्या विष्णुपद मंदिरात नेऊन सोडेल. स्टेशनपासून बोधगया साधारण पंधरा किलोमीटर आहे.

दुसरी. कुशीनगर अजिबात गाळू नका. लोक थकलेले असतात म्हणून तिथे धावतपळत जातात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना ज्यांनी त्रिशरण-पंचशील दिलं ते भदंत चंद्रमणी महास्थवीर, त्यांचं वास्तव्य कुशीनगरचं. मूळचे ब्रह्मदेशचे, आयुष्य इथे काढलं. आपल्या घरातल्या फोटोत बाबासाहेबांसोबत जे वृद्ध भंते दिसतात त्यांचं हे गाव. कुशीनगरला महापरिनिर्वाण मंदिरातली पहुडलेली मूर्ती सहा मीटरच्या वर लांब आहे, आणि आज जे मंदिर आहे ते बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त सरकारने बांधलेलं, तेही १९५६ चंच. मूर्ती अशी आहे की पायाशी उभं राहिलं तर एक भाव दिसतो आणि डोक्याशी गेलं की वेगळा, आईंना तिन्ही बाजूंनी फिरवा. तिथून दीडेक किलोमीटरवर रामाभार स्तूप, तथागतांचा अंत्यसंस्कार झाला ती जागा. तिथे गर्दी नसते, झाडी आहे, म्हातारी माणसं तासभर बसू शकतात.

बोधगयेत गेल्यावर आवारातच शिवलिंग दिसेल, शेजारच्या देवळात बुद्धमूर्तींना पांडव म्हणून सांगणारे भेटतील. आईंना आधी कल्पना द्या, नाहीतर तिथे मन खट्टू होतं. १९४९ च्या कायद्याने मंदिराची जी समिती आहे तिच्यात चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य, आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. मंदिर बौद्धांच्या ताब्यात द्या हा प्रश्न श्रीलंकेच्या अनागारिक धर्मपालांनी १८९१ पासून लावून धरला होता, नागपूरचे भंते सुरई ससाईंनी १९९२ पासून आंदोलन केलं, २०२५ मध्ये पुन्हा उपोषणं झाली. यात्रेला जाताय तर एवढं माहीत असावं.

रेल्वेवेडा:
काका, शिवलिंगाचा विषय इथे काढला तर धागा भरकटेल, ताईंना प्रवासाचं विचारायचंय.

धम्मकाका:
बोधगयेला जाऊन प्रवासाचंच बघायचं असेल तर मग ठीक आहे. मी सांगितलं, वाद घालायचा नाहीये.

उकिरडा_उकरणारा:
(नाव बघून घाबरू नका, मी पुरातत्त्वाचा हौशी.) मी बौद्ध नाही पण ही सगळी ठिकाणं फिरलोय, काही पुन्हा पुन्हा, म्हणून वेगळ्या बाजूने सांगतो.

आईंना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, बोधगया सोडलं तर बाकी ठिकाणी देऊळ वगैरे डोळ्यात भरेल असं फार काही नाही, विटा आहेत. श्रावस्तीला विटांचे पाये, वैशालीला विटांचे पाये, नालंदाला विटांच्या भिंती. मी अशा म्हाताऱ्या माणसांना पाहिलंय जी इतक्या लांबून येऊन हिरमुसली होतात, "एवढंच?" म्हणतात. त्यात त्यांची चूक नाही, त्यांना कुणी गोष्टच सांगितलेली नसते. अनाथपिंडिक या श्रीमंत व्यापाऱ्याने बुद्धांसाठी जेत राजकुमाराकडून बाग घेताना जमिनीवर सोन्याची नाणी अंथरली, हे ऐकून मग जेतवनात पाऊल टाकलं तर तीच वीट वेगळी दिसते. जायच्या आदल्या रात्री खोलीवर त्या जागेची गोष्ट आईंकडूनच सांगून घ्या, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त येत असणार.

खरं तर ही ठिकाणं आपण पार विसरून गेलो होतो. कुशीनगर म्हणजे झाडी वाढलेली टेकाडं होती, १८७६ मध्ये कार्लाइल या इंग्रज पुरातत्त्ववाल्याने खणून ती झोपलेली मूर्ती तुकड्यांमध्ये मिळवली आणि जोडली. सापडली कशी तर सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी भिक्खू इथे सगळीकडे फिरला, अमक्या गावापासून इतकं अंतर, अमक्या दिशेला इतका उंच स्तूप असं लिहून ठेवलं, आणि त्याच्या बाराशे वर्षांनी कनिंगहॅम हा इंग्रज पुरातत्त्वज्ञ ते वर्णन हातात घेऊन गावोगाव हिंडला. आजचा बोधिवृक्षही कनिंगहॅमच्या काळातला, जुनं झाड १८७६ च्या वादळात पडलं आणि त्याच्याच वंशाचं रोप तिथे लावलं.

सारनाथचं तर विचारू नका. १७९४ मध्ये काशीच्या राजाचा दिवाण जगतसिंग याने बाजार बांधायला विटा पाहिजेत म्हणून धर्मराजिका स्तूप अख्खा उपसला. आत दगडी पेटीत अस्थी निघाल्या त्या गंगेत सोडून दिल्या. आज तिथे नुसता गोल चौथरा आहे, लोक त्याच्यावरून नजर फिरवून धमेख स्तूपाकडे जातात. धमेख उभा आहे, ४३ मीटरच्या वर, खालच्या भागातली दगडातली वेलबुट्टी जवळ जाऊन बघा, त्यात मध्येच पक्षी आहेत, माणसं आहेत. आणि आपल्या नोटेवरचे सिंह, ते सारनाथच्या म्युझियममध्ये समोरच उभे आहेत, १९०५ च्या उत्खननात मिळाले. म्युझियम शुक्रवारी बंद! नालंदाचंही शुक्रवारी बंद. हे आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा, वाराणसीत पोचल्यावर कळून उपयोग नाही.

सारनाथला मूलगंधकुटी विहार १९३१ चा आहे, आत भिंतीभर जपानी चित्रकार कोसेत्सु नोसूने बुद्धचरित्र रंगवलंय. आईंना सगळ्यात जास्त हेच आवडेल बहुतेक, कारण विटांमधून जे कळत नाही ते भिंतीवर ओळीने आहे आणि बसून बघता येतं.

राजगीरबद्दल एक सूचना. रोपवे आहे, पण तो रत्नगिरीवर विश्वशांती स्तूपाला जातो (१९६९ चा, जपानी भिक्खूंनी बांधलेला). गृध्रकूट, जिथे बुद्ध राहायचे, ती टेकडी वेगळी, तिथे पायऱ्यांनीच जावं लागतं. लोकांना वाटतं रोपवेने गेलो की गृध्रकूट झालं. जुना रोपवे एकेका खुर्चीचा, चालता चालता पटकन बसावं लागतं, आईंना तो नको, बंद केबिनवाला आहे त्यात बसवा. आणि वेणुवन सपाट आहे, तिथे आरामात फिरतील.

नागपूरी_संत्रं:
मी सगळ्यांच्या विरोधात बोलणार, माफ करा. "निवांत बसा, कमी ठिकाणं करा" हे बोलायला छान वाटतं. पण सत्तरीची बाई पुन्हा कधी जाणारे? माझी आजी चारच ठिकाणं करून आली आणि शेवटपर्यंत म्हणत राहिली की वैशाली राहिली, बुद्धांना वाढवणाऱ्या मावशीला, महाप्रजापती गौतमीला, आणि बायकांना जिथे संघात घेतलं ती जागा राहिली. बायकांसाठी वैशालीचं मोल वेगळंच असतं हो. तिथे कोल्हुआला अशोकस्तंभ आहे एका सिंहाचा, जागेवर उभा, वरचा सिंहसुद्धा शाबूत, आणि असा अखंड स्तंभ तुम्हाला दुसरीकडे सहज बघायला मिळत नाही. पाटण्याहून गाडी केली तर एका दिवसात होतं. रस्ते आता चांगले झालेत. वैशालीहून कुशीनगरकडे जाताना वाटेत केसरियाचा स्तूप लागतो, केवढा प्रचंड आहे तो, शंभर फुटांच्या वर, आणि आत जायची भानगड नाही, गाडीतून उतरून बघितला तरी डोळे फाटतात. तेव्हा आठ नको तर नको, पण वैशाली घ्याच.

पिंपळपान_विदर्भ:
संत्रं तुझं पटलं मला, बायकांचं म्हणालीस/म्हणालास ते. मग असं करता येईल, राजगीरहून पाटणा, पाटण्याहून वैशाली-केसरिया-कुशीनगर गाडीने. पण मग सारनाथ कुठे बसवायचं? मागे येऊन करावं लागेल.

रेल्वेवेडा:
सारनाथ आधी करा. दीक्षाभूमी एक्स्प्रेस गयेच्या आधी पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनला (जुनं मुगलसराय) थांबते, तिथे उतरा, वाराणसी जवळच आहे. सारनाथ करून रेल्वेने गया. मग बोधगया, राजगीर, नालंदा, पाटणा, वैशाली, केसरिया, कुशीनगर, लुंबिनी, गोरखपूर. एका रेषेत बसतंय, मागे यायला लागत नाही. श्रावस्ती आणि संकिसा मात्र सोडा, संकिसा पार फर्रुखाबादकडे आहे.

सीमेपलीकडे:
लुंबिनीचं मी सांगतो, कामानिमित्त सोनौलीवरून येणंजाणं असतं.

पासपोर्ट लागत नाही, व्हिसाही नाही. भारतीय माणसाला पासपोर्ट नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. आई ६५ च्या वर आहेत म्हणजे त्यांना आधारही चालेल. तुम्ही आणि मावशी मात्र मतदार कार्ड ओरिजिनल घ्या, आधारवर विसंबून राहू नका, झेरॉक्स तर नकोच. मावशीच्या कार्डावरचं नाव लग्नाआधीचं आहे की नंतरचं तेही बघून घ्या, हॉटेल बुकिंगला तेच नाव टाका.

गोरखपूरहून सोनौली शंभरेक किलोमीटर. भारतातली टॅक्सी पलीकडे न्यायची तर तिचा भन्सार (नेपाळचा सीमाकर), परमिट, तासभर रांगेत जातो. सोपं म्हणजे टॅक्सी अलीकडे सोडायची, कमानीतून चालत जायचं, पलीकडे दुसरी गाडी. चालायला दहा मिनिटं लागतात आणि सपाट आहे. शंभरच्या नोटा भरपूर ठेवा, मोठ्या नोटांवरून तिकडे कटकट होऊ शकते. भाव सांगताना "आयसी की एनसी" विचारतील, म्हणजे भारतीय की नेपाळी. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, हे ठरलेलंच आहे, कुणी कमी देत असेल तर देऊ द्यायचं नाही. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे जातं. सिम बंद पडतं, तेव्हा घरी आधीच सांगून ठेवा की एक दिवस फोन लागणार नाही.

लुंबिनी म्हणजे गाव नाही हो, केवढी तरी मोठी बाग आहे, जपानी वास्तुविशारद केन्झो टांगे यांनी १९७८ मध्ये आखलेली. मधोमध सरळ कालवा, एका बाजूला थेरवादी देशांचे (श्रीलंका, थायलंड वगैरे) विहार, दुसऱ्या बाजूला महायानी पंथाच्या देशांचे. सगळं चालायचं म्हटलं तर मीसुद्धा दमतो. गेटवर ई-रिक्षा मिळतात, अर्ध्या दिवसाची ठरवून टाका, आई मायादेवी मंदिरापर्यंत कमी चालून पोचतील. मायादेवी मंदिरात आत फोटो काढू देत नाहीत. आत जुन्या विटांचं बांधकाम आहे, त्यावर लाकडी फळ्यांची वाट, त्यावरून रांगेने जायचं आणि एका काचेखाली तो दगड दिसतो, जन्माची जागा म्हणून दाखवतात तो. रांग थांबू देत नाहीत, आईंना सांगा की तिथे दोन सेकंद मिळतील, बसायचं बाहेर पुष्करिणीपाशी (तळ्यापाशी), तिथे कुणी उठवत नाही.

बाहेर अशोकाचा स्तंभ. फुटका आहे, आडवा कठडा आहे त्याला, पण अक्षरं स्वच्छ वाचता येतात. राज्याभिषेकाच्या विसाव्या वर्षी राजा स्वतः इथे आला, "हिद बुधे जाते", इथे बुद्ध जन्मले म्हणून गावाचा कर माफ केला आणि उत्पन्नाचा आठवा हिस्साच घ्यायचा ठरवला. मला त्यातलं हे करमाफीचं फार आवडतं, राजा यात्रेला आला आणि गावाचा फायदा झाला.

तिलौराकोट, म्हणजे नेपाळवाले कपिलवस्तू म्हणतात ते, तिथून पुढे पंचवीस-तीस किलोमीटर. आपल्याकडचे लोक पिपरहवाला कपिलवस्तू म्हणतात, सिद्धार्थनगर जिल्ह्यातलं, १८९८ मध्ये जिथे अस्थींचा कलश मिळाला ते (त्यातली रत्नं परदेशात लिलावाला निघाली होती, ती २०२५ मध्ये परत आणली). दोन देशांचं भांडण आहे, तुम्ही त्यात पडू नका, वेळ असेल तर एक बघा नाहीतर दोन्ही सोडा.

निळी_शाई:
अरे बापरे, मी एवढ्याची अपेक्षाच केली नव्हती. आईला सगळं वाचून दाखवलं. छठचं वाचून तिने स्वतःच दिवाळी रद्द केली, "मला काय घाई आहे, माघ पौर्णिमेच्या आसपास जाऊ" म्हणाली. फेब्रुवारीची रजा टाकतेय. दीक्षाभूमी एक्स्प्रेसने मुगलसरायला उतरून सारनाथ आधी (शुक्रवार सोडून!), मग बोधगया तीन रात्री, राजगीरला वेणुवन आणि केबिनवाला रोपवे, गृध्रकूट मी एकटी पळत जाऊन येईन, मग पाटणा, वैशाली, केसरिया, कुशीनगर, लुंबिनी. वैशालीवरून घरात मतदान झालं, दोन विरुद्ध एक, एक म्हणजे मी. मावशीचं मतदार कार्ड बघितलं तर खरंच माहेरच्या नावाचं निघालं, आता दुरुस्तीचा फॉर्म भरतोय, सीमेपलीकडे दादा तुमचे आभार.

एक शेवटचं विचारते. आईला तिथे चीवरदान (भंतेंना वस्त्र देणं) करायचंय. इथून चीवर घेऊन जावं की तिकडे मिळतं? आणि कुणाला द्यायचं, तिथे तर शेकडो भंते असणार.

धम्मकाका:
तिकडे मिळतं, बोधगयेत दुकानं भरलेली आहेत, पण देशोदेशीचे रंग वेगळे असतात. तिबेटी लामांचा मरून, थेरवादी भंतेंचा भगव्यापासून तपकिरीपर्यंत. म्हणून आधी विहारात जाऊन कुणाला द्यायचं ते ठरवा, त्यांना रंग आणि माप विचारा, मग घ्या. रस्त्यात वाटी पुढे करून उभे असणारे सगळेच भंते असतात असं नाही, तिथे पैसे देऊ नका, दान विहारातच. ‘कठीण’ नावाच्या खास चीवरदानाचा काळ वर्षावास (भंतेंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम) संपल्यापासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत, म्हणजे फेब्रुवारीत ते नाही, पण साधं चीवर बारा महिने देता येतं. कुशीनगरला मूर्तीवर चीवर पांघरायचं असेल तर तेही करता येतं, तिथल्या भंतेंना सांगायचं, ते स्वतः मूर्तीवर घालतात.

भोजनदान द्यायचं असेल तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, आणि ते दुपारी बाराच्या आत. बारा वाजून गेले की थेरवादी भंते जेवत नाहीत. आईंना म्हणावं सकाळी वंदना आटोपून नऊ-साडेनऊला विहारात जाऊन बसा.

पिंपळपान_विदर्भ:
आणि पुरणपोळी करून नेऊ नका हो, आमच्या सासूबाईंनी नेली होती, गाडीतच संपली.